माडीवर एकटा, दिवस सहावा: काय करावं?

रामबागकर, इंदूर: ताप उतरलाय, पण खोलीबाहेर बंदी. सूनबाई दाराशी ताट ठेवते, कडी वाजवते नि पळते. पोह्यांवर शेव दिसते, चव मात्र शून्य! मोबाइलचा वीट आला. इथं आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली, आत मोडी लिपीतले कागद. एक अक्षर लागेना. अडुसष्टाव्या वर्षी मोडी जमेल?

बडोद्याची माई: न जमायला काय झालं, काका? मोडीत आधी आडवी रेघ ओढतात, मग तिला अक्षरं टांगतात. शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाची भानगडही नाही (माझ्यासारख्यांची सोयच!). आधी बाराखडी गिरवा. पत्र असेल तर मायन्यापासून सुरुवात करा, तो ठरलेला असतो.

ग्वाल्हेरी: घड्या जपून उलगडा. जुना कागद घडीवरच तुटतो.

रामबागकर, इंदूर: चार दिवसांनी लिहितोय. मला वाटलं होळकरांची सनद असेल, निघाला किराण्याचा हिशेब! 'तूप' लागलं, किती शेर ते अजून लागत नाही. सूनबाई आता पळत नाही, दारापलीकडून विचारते, "बाबा, आज काय निघालं?"