अरन स्वेटर आणि बुडालेल्या कोळ्याची गोष्ट, खरं काय?

लोकरवेडी: भाची डब्लिनला असते, तिने पांढरा अरन स्वेटर पाठवलाय, म्हणजे आयर्लंडच्या अरन बेटांच्या नावाचा. वेण्या, शंकरपाळे, जाळी, नुसतं बघत बसावं असं काम! सोबतच्या कार्डावर लिहिलंय की तिकडे प्रत्येक घराण्याची नक्षी ठरलेली आणि कोळी समुद्रात बुडाला की स्वेटरवरून मयत ओळखायचे. काटाच आला अंगावर. खरंय का हो हे?

टाकेमोड: ताई, ही सगळी दुकानदारी. ही गोष्ट बहुतेक नाटकातून आली: आयरिश नाटककार जॉन सिंगचं १९०४ चं नाटक आहे, रायडर्स टू द सी, त्यात बुडालेल्या भावाचा मोजा बहीण ओळखते, का तर तिनेच विणलेला, ६० टाके घातलेले आणि ४ सुटलेले. म्हणजे ओळख पटली ती चुकीवरून, नक्षीचा काही संबंधच नाही! आणि हे भरगच्च वेण्यांचे स्वेटर मुळात विसाव्या शतकातले. हाइन्झ कीवे म्हणून लोकरीच्या धंद्यातला एक माणूस, त्याने १९३६ ला डब्लिनमध्ये असा एक घेतला आणि थेट बुक ऑफ केल्स या जुन्या नक्षीदार आयरिश हस्तलिखिताशी नातं जोडून परंपरा पार मध्ययुगात नेऊन ठेवली. पुढे १९६१ ला क्लॅन्सी ब्रदर्स हे आयरिश लोकगायक अमेरिकन टीव्हीवर हेच घालून गायले, मग काय, मागणीच मागणी.

सुलटउलट: अगदीच थाप नको म्हणायला. ब्रिटनच्या किनाऱ्यावर कोळ्यांचे घट्ट विणीचे स्वेटर, गॅन्सी, असायचे, त्यावर काहीजणी खाली काठापाशी नावाची अक्षरं विणायच्या, त्यावरून माणूस कळेलच की. पण नक्षी एका घराण्याची राहणार कशी? हेरिंग मासे साफ करणाऱ्या स्कॉटिश पोरी हंगामात बंदरोबंदरी फिरायच्या, जरा उसंत मिळाली की हातात सुया, एकीचं दुसरीने उचललं की झालं.

टाकेमोड: अक्षरांचं मान्य 👍

पक्याकाका: कपड्यावरून माणूस ओळखायचा तर पेरूला जा! टिटिकाका सरोवरात ताकिले बेट आहे, तिथे टोप्या पुरुष विणतात, पोरं लहानपणीच शिकतात. टोपी पूर्ण लाल तर गडी लग्नाचा, वरचा भाग पांढरा तर अजून मोकळा. २००५ ला युनेस्कोने पण दखल घेतली. आमच्या सोसायटीत मी विणतो तर लोक हसतात.

लोकरवेडी: काका, हसू देत 😄 कार्ड टाकलं कचऱ्यात. आता असाच एक विणायचाय, साध्या स्वेटरच्या मापाने लोकर घेतली तर पुरेल ना?

सुलटउलट: नाही पुरणार, वेणीत टाके एकमेकांवर चढतात आणि वीण आकसते. आधी वीतभर तुकडा विणून मोज, मगच लोकर आण, आणि एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, आण.