पत्र्याच्या खोल्यांमधला उकाडा मोजायला डेटा कुठून आणायचा?

खाडीकाठचा:
आम्ही चार-पाच जण मिळून तुर्भे स्टोअर आणि दिघ्याकडच्या वस्त्यांचा अभ्यास करतोय, कुठल्या वस्तीला उन्हाचा धोका जास्त ते आकड्यांत दाखवायचंय पण डेटाच मिळेना. वेधशाळेचा आकडा बघावा तर सांताक्रूझ नाहीतर कुलाब्याचा, मोबाईलवरचं ॲप अख्ख्या नवी मुंबईला एकच तापमान दाखवतं, पाम बीचच्या टॉवरला पण तेच आणि डोंगराखालच्या खोलीला पण तेच. गरिबीचा डेटा कुठला धरायचा तेही सांगा. फुकटातलं बघा हां, ग्रँट-बिंट काही नाहीये.

नकाशावेडा:
लँडसॅट घे, म्हणजे जमिनीचे फोटो काढणारे अमेरिकेचे उपग्रह. ८ आणि ९ नंबरच्या दोन्हींचा डेटा फुकट, यूएसजीएसच्या (अमेरिकेचं भूगर्भ खातं) साईटवर खातं उघडायचं, दोन्ही धरून दर ८ दिवसांनी एक फोटो मिळतो. मार्च ते मे घे, पुढे नुसते ढग. फक्त एक, थर्मल बँड, म्हणजे उष्णता टिपणारा भाग, त्याचा एक ठिपका मुळात १०० मीटरचा असतो, फाईल ३० मीटरच्या ठिपक्यांची येते म्हणून घराघराचं तापमान कळलं असं समजू नकोस (मी समजलो होतो, सरांनी सगळ्यांसमोर सोलून काढला).
गरिबीसाठी जनगणनेची घरयादी बघ, छप्पर कशाचं, नळ आत की बाहेर, सगळं वॉर्डवार आहे. पण २०११ ची आहे रे, दिघा तेव्हाचा आणि आताचा एक आहे का!

वागळेची:
नकाशा लालभडक छान दिसतो पण तो पत्रा किती तापला ते सांगतो, आतल्या माणसाचं नाही. शिवाय लँडसॅट आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. खरा त्रास रात्रीचा. मे महिन्यात आईच्या खोलीत साधं डिजिटल मीटर टांगलं होतं, तापमान आणि दमटपणा दोन्ही दाखवणारं, रात्री साडेअकराला पत्र्याला हात लावला तर निवलेला, पण भिंती गरमच, आणि आत बाहेरच्या ओट्यापेक्षा तीनेक अंश जास्त. दार उघडं ठेवावं तर डास आणि चोरीची भीती, मग काय, पंखा तीच हवा फिरवतो.

नकाशावेडा:
बरोबर आहे ताई. रात्रीसाठी इकोस्ट्रेस आहे, नासाचं उष्णता टिपणारं यंत्र, ठिपका ७० मीटरच्या आसपास, स्पेस स्टेशनवर असल्याने वेगवेगळ्या वेळेला फोटो काढतं. दमटपणासाठी ईआरए५-लँड, म्हणजे युरोपवाल्यांनी मॉडेलवरून काढलेला हवामानाचा फुकट डेटा, तासातासाचा, पण एक चौकोन ९ किलोमीटरचा, म्हणजे दिघा आणि ऐरोली एकाच डब्यात. आणि उष्णतेची लाट जाहीर झाली तेवढेच दिवस मोजू नका, किनारपट्टीला ३७ किंवा त्याच्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तरच लाट धरतात, आपल्याकडे ३५ मध्येच घामाने जीव जातो.

खाडीकाठचा:
म्हणजे मीटर लावायलाच लागणार. दहाएक परवडतील. कुठे लावू?

वागळेची:
सगळे एका गल्लीत नको. पत्रा, सिमेंटचा पत्रा, स्लॅब, वरचा माळा असे वेगवेगळे धर, आणि एक तरी बाहेर सावलीत. गॅसपासून लांब, छताला नाही, माणूस झोपतो त्या उंचीवर. आणि घरातल्या बाईला आधी विचार, नाहीतर पोरं पहिल्या दिवशीच सेल काढून रिमोटमध्ये घालतात. आमच्याकडे झालंय.