मदत हवी आहे : जलरंगाच्या ब्रशचे टोक फाटते, नवा कोणता घ्यावा?

नमस्कार. मी रत्नागिरीत राहतो आणि निवृत्तीनंतर जलरंगात निसर्गचित्रे काढू लागलो आहे. माझा आठ नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश घेऊन वर्षही झालेले नाही. पण पूर्वी ओला केल्यावर सुईसारखे जुळणारे त्याचे टोक आता दुभंगते, त्यामुळे माडाची झावळी काढायला गेलो की एका रेघेच्या जागी दोन उमटतात. दांडीवरच्या रंगाचे पोपडे निघत आहेत आणि केस धरून ठेवणारी धातूची नळी सैल होऊन हातात फिरते. काम झाल्यावर मी ब्रश खळखळून धुतो व टोक वर करून पेल्यात ठेवतो. चित्र चालू असताना मात्र तो पाण्याच्या भांड्यातच उभा असतो, हे कबूल केले पाहिजे.

नवा घ्यायचा म्हटले, तर ‘कोलिन्स्की सेबल’ या उंची नैसर्गिक केसांच्या ब्रशची किंमत पाहून हात आखडतो. एका दुकानदाराने मुंगसाच्या केसांचे जुने ब्रश शिल्लक असल्याचे सांगितले. ‘कॅमल हेअर’ लिहिलेले स्वस्त ब्रश खरोखरच उंटाच्या केसांचे असतात का? शिवाय गेल्या पावसाळ्यात डब्यातल्या खारीच्या केसांच्या ब्रशला बुरशी आली, ती यंदा कशी टाळावी?

प्रतिसाद :
मुंगसाचे ब्रश कृपया घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिलेले आहे आणि त्याच्या केसांच्या ब्रशचा व्यापार हा गुन्हा आहे; माल जुना असल्याचे दुकानदाराने सांगितल्याने त्यात फरक पडत नाही. ‘कॅमल हेअर’मध्ये उंटाचा केस नसतो, ते बहुधा खार, बकरी किंवा घोड्याचे केस असतात. कोलिन्स्की हा सायबेरियातल्या वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या प्राण्याच्या शेपटीचा केस. तो पाणी भरपूर धरतो आणि टोकाला आपोआप जुळतो, म्हणून महाग. पण तुमच्या सध्याच्या सवयींत तोही फार दिवस टिकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रश भांड्यात उभा राहिला की त्याचा भार टोकावर येऊन केस वाकतात. त्याच वेळी नळीतून वर शिरलेल्या पाण्याने दांडीचे लाकूड फुगते, वरचा रंग तडकतो, आणि लाकूड पुन्हा वाळून आकसले की नळी सैल होते. धुतल्यावर टोक वर केल्याने उरलेला रंग पाण्याबरोबर केसांच्या मुळाशी उतरून तिथेच वाळतो व केसांना आतून फाकवतो. म्हणून गार पाण्यात सौम्य साबणाने, फेस पांढरा येईपर्यंत धुवा, बोटांनी टोक जुळवा आणि आडवा ठेवून वाळवा. पूर्ण वाळल्यावर खुशाल उभा करा. बुरशीचे कारणही तेच, ओलसर ब्रश बंद डब्यात गेला. कोकणातल्या पावसाळ्यात डब्याऐवजी बांबूच्या चटईत गुंडाळून ठेवणे बरे.

दहा नंबरचा चांगला सिंथेटिक गोल ब्रश तुम्हाला पुरेल, मात्र प्रत्येक कंपनीचे नंबर सारखे नसतात, तेव्हा ब्रश डोळ्यांनी पाहून घ्या. नवा ब्रश डिंक लावून कडक केलेला असतो आणि त्यामुळे प्रत्येकाचे टोक छानच दिसते, म्हणून दुकानात पाणी मागून तो डिंक उतरवा, ब्रश एकदा झटका आणि मगच टोक पाहा.

मूळ प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. मुंगसाचा ब्रश रद्द. जुन्या ब्रशचे काही करता येईल का?

प्रतिसाद :
दांडी दोन-तीन दिवस वाळू द्या आणि मग नळी अ‍ॅराल्डाइटने चिकटवा. केस सिंथेटिक असल्याने फक्त टोक काही सेकंद कढत पाण्यात बुडवून जुळवून पाहा, माझे दोन ब्रश असे सुधारले आहेत. नळी मात्र पाण्याबाहेर ठेवा, नाहीतर आतला गोंद सुटेल. एवढे करूनही टोक फाटलेच, तर कात्री लावू नका. तो ब्रश मास्किंग फ्लुइडसाठी (कागदाचा जो भाग कोरा ठेवायचा त्यावर लावायच्या रबरी द्रवासाठी) ठेवा, कारण त्या कामाला नवा ब्रश वापरणे म्हणजे तो वाया घालवणे आहे.