डिशवॉशर चालतो, पण पाणी तापत नाही: हीटर बदलावा की आधी काही तपासावे?

खरकटवणी

आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी घेतलेला बारा प्लेस सेटिंगचा डिशवॉशर आहे. गेल्या पंधरा दिवसांपासून भांडी ओशट निघत आहेत. पाण्याचे पेले आणि चहाचे कप कसेबसे चालतात, पण वरणाचे पातेले, तुपाची वाटी आणि फोडणीचे कढले यांना हात लावला की बोटे मेणचट होतात, आणि पावडरच्या कप्प्यात अर्धवट भिजलेला गोळा तसाच चिकटलेला दिसतो. आधी पावडरचा ब्रँड बदलल्याचा हा परिणाम असेल असे वाटले, म्हणून जुनी पावडर पुन्हा आणली. गाळण्या काढून ब्रशने घासल्या, फवाऱ्याच्या पात्यांची भोके टाचणीने मोकळी केली, पाणी मऊ करणारे मीठही भरले. काहीही फरक पडला नाही.

शेवटी परवा ७० अंशांचा प्रोग्रॅम लावून चाळीस मिनिटांनी दार उघडले, तर आत वाफेचा लवलेश नव्हता आणि तळाशी साठलेले पाणी नळाच्या पाण्याइतकेच गार होते. यंत्र पाणी घेते, फवारे फिरतात, शेवटी पाणी बाहेरही टाकते. पडद्यावर कोणताही एरर कोड येत नाही. मात्र उरलेला वेळ दाखवणारा आकडा एका ठिकाणी येऊन बराच वेळ अडकतो आणि मग पुढे सरकतो.

सेवा केंद्राच्या माणसाने यंत्र न पाहता फोनवरच हीटर आणि कंट्रोल बोर्ड दोन्ही बदलावे लागतील असे सांगितले, आणि त्यांची मिळून किंमत नव्या यंत्राच्या निम्म्याजवळ जाते. आम्ही वाघोलीत राहतो, पाणी बहुतेक वेळा टँकरचे किंवा बोअरचे असते. क्षारांमुळे हीटर जळाला असेल का? घरात मल्टिमीटर आहे आणि तो मला वापरता येतो, पण विजेच्या कामात माझी धाव तेवढ्यापुरतीच आहे.

सोल्डरगन

यंत्र न उघडता दोन भाग बदलायला सांगणे म्हणजे निदान नव्हे, अंदाज आहे. पाणी न तापण्यामागे जळालेला हीटर हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे, आणि माझ्या अनुभवात तर ते पहिल्या क्रमांकाचेही नाही. म्हणून आधी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे: पाणी तापायला हवे त्या वेळी हीटरमधून वीज वाहते आहे की नाही? हे उत्तर यंत्राचा एकही स्क्रू न काढता मिळते.

घराच्या वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवर छापलेला असतो. माझ्या मीटरवर तो ३२०० आहे. घरातले फ्रीज, पंखे, राउटर, पाण्याचे शुद्धीकरण यंत्र असे सगळे बंद करून फक्त डिशवॉशर ७० अंशांवर लावा आणि मुख्य धुलाई सुरू झाल्यावर मीटरजवळ जाऊन घड्याळ लावून मोजा. डिशवॉशरचा हीटर साधारण १८०० ते २००० वॉटचा असतो. तो चालू असेल तर ३२०० च्या मीटरवर दिवा दहा सेकंदांत सोळा ते एकोणीस वेळा लुकलुकेल. नुसता पंप चालू असेल तर दोन लुकलुकण्यांमध्ये दहा-बारा सेकंद जातील. हा फरक इतका ढळढळीत आहे की चुकायला वावच नाही. प्रोग्रॅम मात्र ७० अंशांचाच लावा, कारण नुसते खळबळून घेण्याच्या प्रोग्रॅममध्ये पाणी मुळात तापवलेच जात नाही.

आता समजा, वीज वाहत नाही असे निघाले. तरीही हीटरच मेला असे ठरत नाही, कारण हीटरपर्यंत वीज पोहोचण्याआधी साखळीतील बऱ्याच कड्या जुळाव्या लागतात. पुरेसे पाणी भरल्याची खूण दाबाच्या किंवा प्रवाहाच्या स्विचकडून बोर्डाला मिळावी लागते; पाण्यात बुडवलेल्या थर्मिस्टरने पाणी गार असल्याचे कळवावे लागते; मग बोर्ड एका रिलेला, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचला, आज्ञा देतो, रिलेचे संपर्क मिटतात आणि वीज अतितापापासून वाचवणाऱ्या थर्मोस्टॅटमधून हीटरकडे जाते. यातली कोणतीही कडी तुटली तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे गार पाणी. आकडा अडकून बसतो त्याचा अर्थही हाच आहे: बोर्ड तापमान वाढण्याची वाट पाहतो, आणि ठरलेली मुदत संपल्यावर नाइलाजाने पुढे जातो. काही यंत्रे अशा वेळी एरर कोड देतात, काही मुकाट्याने गार पाण्यात भांडी धुऊन मोकळी होतात.

मोजमाप सोपे आहे. प्लग उपसून ठेवल्यावर हीटरच्या दोन टोकांची वायर काढायची आणि त्यांच्यामध्ये ओहम मोजायचे. २३० व्होल्टवर २००० वॉट देणाऱ्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम भरतो, १८०० वॉटच्या हीटरचा २९ च्या आसपास. मल्टिमीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला, विषय संपला. अलीकडच्या बऱ्याच यंत्रांत हीटर पंपाच्या अंगातच बसवलेला असतो आणि तो वेगळा मिळत नाही, त्यामुळे खर्च वाढतो, हे खरे आहे. थर्मिस्टरचा रोध पाणी तापत जाईल तसा कमी व्हायला हवा. बऱ्याच यंत्रांत तो २५ अंशांना १० किलोओहम असतो, पण सर्वत्र तोच आकडा नसतो, म्हणून आकड्यापेक्षा त्याची चाल पाहावी: कपभर गरम पाण्यात धरला की आकडा भराभर उतरला पाहिजे.

हीटर आणि थर्मिस्टर दोन्ही ठीक निघाले, तर बोर्ड बाहेर काढून रिलेच्या पायांचे सोल्डर भिंगाखाली पाहा. या पायांतून आठ-नऊ अँपिअर जातात. रोज तापून गार झाल्यामुळे सोल्डरला पायाभोवती केसाएवढी गोल भेग पडते, आणि वरवर पाहता ती दिसतही नाही. सहा वर्षांच्या यंत्रात माझा पहिला संशय इथेच आहे.

क्षारांबद्दल मात्र मी थोडा वेगळा विचार करतो. क्षारांचा थर बसला की उष्णता पाण्यात हळू उतरते, हीटर स्वतः जास्त तापतो आणि कालांतराने जळूही शकतो. पण तोपर्यंत पाणी उशिरा का होईना, तापते. कालपर्यंत गरम असलेले पाणी आज अगदी गार, हे क्षारांचे एकट्याचे काम वाटत नाही.

टाकीखालचा फ्लॅट

वरच्या उत्तराशी सहमत आहे, फक्त साखळीतील पहिल्या कडीवर थोडा जोर देतो, कारण आम्ही तिथेच फसलो होतो. आमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकीच्या थेट खाली आहे. बहुतेक डिशवॉशरना किमान अर्धा बार दाब लागतो, म्हणजे टाकीतील पाण्याची पातळी यंत्राच्या नळापेक्षा साधारण पाच मीटर उंच हवी. आमच्याकडे ती जेमतेम साडेतीन मीटर भरते. पाणी यायचे, पण ठरलेल्या वेळात पुरेसे भरायचे नाही. पंप पाण्याबरोबर हवा ओढायचा, दाबाचा स्विच मिटायचा नाही आणि बोर्ड हीटर लावायचा नाही. कोरड्यावर हीटर जळू नये म्हणूनच ती सोय असते, तेव्हा बोर्डाचे वागणे बरोबर होते. त्या वेळी आम्ही हीटर बदलून घेतला, पैसे गेले आणि पाणी गारच राहिले.

तुमचा मजला कोणता ते तुम्ही लिहिलेले नाही. वरचा नसला तरी पाणी टँकरचे असल्यामुळे एक गोष्ट जरूर पाहा. नळाला जोडलेल्या पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी असते आणि तिच्यात गाळ बसतो. आतल्या गाळण्या घासणारे लोक ही जाळी हमखास विसरतात. पाण्याची तोटी बंद करून पाइप सोडवा, जाळी पकडीने ओढून काढा आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा. पाणी कमी पडत असल्याची खूण कानांनाही कळते: फवाऱ्याचा सलग आवाज न येता मध्येच गुळण्या केल्यासारखा आवाज येतो.

तात्पुरता उपाय म्हणून सोलरचे गरम पाणी यंत्राला जोडावे असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तर अनेक यंत्रांना ६० अंशांपर्यंतचे पाणी चालते. पण यंत्र एका वेळी तीन-चार लिटरच पाणी घेते, आणि अर्धा इंची, दहा मीटर लांबीच्या पाइपात आधीचे पावणेदोन लिटर गार पाणी उभे असते. शिवाय पहिलेच खळबळणे गरम पाण्याने झाले तर दुधाच्या पातेल्यातली साय आणि अंड्याचा बलक भांड्याला शिजून चिकटतात. आम्ही महिनाभर करून पाहिले आणि सोडून दिले.

जुना वायरमन

दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण ती वाचून कोणी उत्साहाने पान्हा हाती घेण्याआधी चार गोष्टी लिहितो. स्विच बंद करणे पुरेसे नाही, प्लग सॉकेटमधून उपसलाच पाहिजे. आपल्याकडे फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेली सॉकेट काही कमी नाहीत. यंत्र चालू ठेवून हीटरच्या टोकांवर व्होल्टेज मोजण्याचा मोह घरच्या माणसाने टाळावा, कारण खाली पाणी आणि हातात २३० व्होल्ट असा तो प्रकार आहे. जोडणी १६ अँपिअरच्या सॉकेटलाच हवी, एक्स्टेन्शन बोर्डाला नव्हे.

हीटरच्या दोन टोकांतला रोध योग्य असला तरी त्यातून अंगाला वीज गळत असू शकते. प्रत्येक टोक आणि अर्थिंग यांच्यामध्ये मीटरने अनंत दाखवायला हवे, आणि तेवढ्यावरही पूर्ण विश्वास ठेवू नये, कारण मल्टिमीटर काही व्होल्टांवर मोजतो. खात्री ५०० व्होल्ट लावून गळती मोजणाऱ्या मेगर या उपकरणानेच होते. पाणी तापायला लागताच घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर तो हीटर दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता बदलावा.

यंत्र आडवे करण्यापूर्वी तळाच्या खड्ड्यातले पाणी स्पंजने टिपून काढा. नाहीतर ते खालच्या तबकात उतरते, तिथला पूररोधक तरंगता स्विच उचलला जातो, आणि जोडून सुरू केल्यावर यंत्र नुसते पाणी फेकत बसते. मग जुना दोष बाजूला राहतो आणि माणूस नव्याच्या मागे लागतो.

खरकटवणी

सर्वांचे आभार. मजला तिसरा आहे, इमारत सात मजली, त्यामुळे दाब पुरेसा असावा. तरीही पाइपच्या तोंडाची जाळी काढली तेव्हा तिच्यावर तांबूस गाळाचा पापुद्रा निघाला. साफ केला, पण पाणी गारच राहिले.

मग मीटरची परीक्षा केली. आमच्याही मीटरवर ३२०० छापले आहे. मुख्य धुलाईत दोन लुकलुकण्यांमध्ये बारा सेकंद गेले. पाच वेळा मोजले, पाचही वेळा तेच. म्हणजे जेमतेम ९५ वॉट, नुसता पंप. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्यांनी मागचा पत्रा काढून मोजले तेव्हा हीटर २७ ओहम निघाला, अर्थिंगशी गळती नाही, आणि थर्मिस्टर गरम पाण्यात धरताच आकडा झपाझप खाली आला. म्हणजे जो हीटर बदलायला सांगितला होता तो पूर्ण शाबूत आहे. बोर्डाला हात लावायला मात्र ते तयार नाहीत. बोर्ड काढून कोणाकडे द्यावा?

सोल्डरगन

टीव्ही आणि इन्व्हर्टरचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही जुन्या कारागिराला हे काम जमते. डिशवॉशर त्याने कधी पाहिलेला नसला तरी चालेल, कारण रिले सगळीकडे सारखाच असतो. बोर्डवरच्या प्रत्येक कनेक्टरचा काढण्यापूर्वी फोटो घ्या. कारागिराला नुसते सोल्डर पुन्हा वितळवायला सांगू नका. जुने सोल्डर ओढून काढून नवे भरायला सांगा आणि रिलेही बदलून घ्या. भेगेतून ठिणग्या उडत असतील तर रिलेचे आतले संपर्कही जळलेले असतात आणि महिन्या-दोन महिन्यांत तेच दुखणे परत येते. नवा रिले घेताना गुंडाळीचे व्होल्टेज, पायांची मांडणी आणि संपर्कांची अँपिअर-क्षमता जुन्या रिलेवर छापल्याप्रमाणेच हवी.

खरकटवणी

बोर्ड एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात दिला होता. कारागिराने भिंगातून मलाही दाखवले: रिलेच्या एका जाड पायाभोवती काळसर वर्तुळ होते आणि बोटाने किंचित दाबले की पाय हलत होता. रिले बदलला, शेजारच्या दोन सांध्यांनाही नवे सोल्डर भरले. सगळे मिळून साडेचारशे रुपये झाले.

काल रात्री जोडून ७० अंशांवर लावले आणि आधी मीटरकडेच धावले. दहा सेकंदांत अठरा वेळा लुकलुकला. अर्ध्या तासाने दार उघडले तर चष्म्यावर वाफ आली. तुपाची वाटी कोरडी आणि खरखरीत स्वच्छ निघाली, पावडरचा कप्पा रिकामा होता. पेल्यांवर पांढुरकी झाक अजून राहते, पण ती क्षारांची आहे. यंत्रातली पाण्याच्या कठीणपणाची मात्रा सहा वर्षे कारखान्यातून आली तशीच ठेवली होती, असे माहितीपुस्तिका चाळताना लक्षात आले. ती आज बदलते आहे.