संडेस्कूलला पोरांना फक्त "आज्ञेत राहा" एवढंच शिकवायचं का?

शाहूपुरीकर:
सलाम मंडळी. घरात आठवडाभर वाद चाललाय म्हणून इथं टाकतोय. मुलीला संडेस्कूलला, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, पाठांतराला इफिस ६ ची (प्रेषित पौलाचं इफिसकरांना पत्र) १ ते ३ वचनं दिलीत, मुलांनो आईबापांच्या आज्ञेत राहा, बापाचा आणि आईचा मान राख म्हणजे तुझं कल्याण होईल वगैरे. चांगलंच आहे, पाठ पण झालं. पण लगेच पुढं चौथं वचन आहे, त्यात पौल सरळ बापांना सांगतोय की पोरांना चिरडीला आणू नका, ते कुणी दिलंच नाही. एका दमात लिहिलेलं मधेच का तोडायचं? अशानं पोरांना वाटणार बायबल म्हणजे मोठ्यांच्या सोयीचं पुस्तक. माझं म्हणणं एवढंच, दोन्ही एकत्र शिकवा.

जुन्या बाई:
भावा, मी बरीच वर्षं संडेस्कूल घेतलंय. सहा वर्षांच्या पोराला बापाची जबाबदारी शिकवून करायचं काय? ते घरी जाऊन म्हणणार पप्पा तुम्ही मला चिरडीला आणताय, मोबाईल द्या. हसू नका, होतंय असंच. आईला चारचौघांत "गप बस" म्हणणारी पोरं बघतोय मी हल्ली, आणि आई हसत्या वर. एलीचं काय झालं वाचा की पहिल्या शमुवेलात. स्वतः याजक, पण पोरांना आवरलं नाही, हफनी आणि फिनहास एकाच दिवशी गेले आणि बातमी ऐकून म्हातारा आसनावरून मागं पडला, मान मोडून मेला. नीतिसूत्रे १३:२४, जो छडी आवरतो तो आपल्या पोराचा द्वेष करतो, ते तर सांगायलाच नको.

बावडेकर:
आली छडी! सगळं बायबल विसरतील पण ते एक वचन नाही. बाई, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, शाळेत पोरांना मारायला बंदी. आता रोम १३ प्रमाणं अधिकाऱ्यांच्या अधीन राहायचं असं तुम्हीच शिकवताय ना, मग हा कायदा कुणाचा अधिकार? सोयीनं निवडायलाय तुम्ही.

जुन्या बाई:
मारा म्हटलेलं दाखव मला कुठं. शिस्त म्हटलं की तुम्हाला मारच दिसतो.

नर्सताई:
मला वेगळंच बोलायचंय, थोडं लांब होईल. मी हॉस्पिटलात काम करते. "मोठ्यांचं ऐकायचं, उलट बोलायचं नाही" हे एवढं डोक्यात बसवलेलं असतं ना की मोठ्या माणसानं काही वाईट केलं तरी पोर तोंड उघडत नाही, आणि करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, घरातला, क्लासमधला, कधी चर्चच्या मंडळीतला पण. पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे पण पोर बोललंच नाही तर कायदा काय करणार. म्हणून आज्ञापालन शिकवताना कुठं नाही म्हणायचं ते त्याच दिवशी शिकवा, मोठं झाल्यावर नको. आणि हे काय मी बाहेरून आणलेलं नाही. निर्गमच्या पहिल्याच अध्यायात शिप्रा आणि पुवा आहेत, आमच्या पेशातल्या म्हणा, सुइणी. मिसरचा राजा फारो म्हणाला इस्राएली बाईला मुलगा झाला की मारा, त्यांनी नाही मारलं, आणि देवानं त्यांचं भलं केलं. येशूचा शिष्य पेत्र पण न्यायसभेत तेच बोलला, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. संडेस्कूलला या सुइणींची गोष्ट कुणी सांगितलेली मला आठवत नाही.

पेठेतला:
ताईंना पाठिंबा. आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी तर आईबापाच्या आज्ञेवर जपूनच बोलावं. हिंदू घरातल्या बाबा पदमनजींनी, आपले मराठी लेखक, १८५४ ला बेळगावात बाप्तिस्मा घेतला तो घरच्यांच्या मनाविरुद्धच. आणि कोल्हापुरात आहात म्हणून सांगतो, शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिना १ रुपया दंड होता. म्हणजे आईबाप म्हणतील ते खरं हे इथं महाराजांनी पण मानलं नाही.

जुन्या बाई:
पदमनजी जाणते होते रे, केजीतले नव्हते. बारा वर्षांचा येशू मंदिरात मागं राहिला, मरियेनं त्याला विचारलंच ना असं का वागलास म्हणून? उत्तर दिलं त्यानं, पण नंतर नासरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला, लूक २:५१. देवाचा पुत्र राहतो तर आमच्या पोरांना काय धाड भरली? नर्सताई, तुमचं मात्र पटलं, ते शिकवलंच पाहिजे, पण त्यासाठी पहिलं वचन पातळ करायची गरज नाही.

शाहूपुरीकर:
पातळ कोण करतंय बाई, पुढचं वाचा म्हणतोय. अजून एक, दहा आज्ञा, त्यात आईबापाचा मान राख ही पण, सीनाय डोंगरावर काय फक्त बालवर्गाला दिल्या नव्हत्या, जाणती बाप्ये-बाया उभी होती तिथं. मार्क ७ मध्ये येशू परूश्यांना, त्या वेळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, झापतोय ते याच मान राखायच्या आज्ञेवरून, आईबापाला द्यायचा पैसा देवाला वाहिलाय म्हणून हात वर करायचे. आता आपल्याकडं बघा, म्हातारी गावाकडं एकटी, औषधाला महाग, आणि चिरंजीवांच्या नावाची बिल्डिंग फंडात पाटी. त्यांचंच पोरगं पाठांतरात पहिलं. रविवारी सुपरिटेंडंटना भेटून चौथं वचन घाला म्हणणार आहे, आणि मोठ्यांच्या बायबल क्लासला मार्क ७.

जुन्या बाई:
घाला की, माझी ना नाही. पण मोठ्यांच्या क्लासला येतंय कोण? उपासना सुटली की सगळे चहाच्या टेबलाकडं.