सिझरमध्ये बीपी पडायची वाट काऊन पाहायची?

भूलवाला_नागपूर: काल रात्री पुन्हा तेच, सिझरसाठी स्पायनल (पाठीच्या कण्यातून भूल) दिलं, बाईला सरळ झोपवलं आणि दोन मिनिटांत "डॉक्टर, कसंतरीच होऊन राहिलं", मग ओकारी. बीपीचा पट्टा अजून फुगतच होता, आकडा आला तर वरचं 78! मग बीपी चढवणाऱ्या मेफेन्टरमिनची धावपळ. पडणार हे माहीत असून आपण पडू कशाला देतो? 2018 च्या भूलतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीत साफ आहे, स्पायनलबरोबर फिनाइलेफ्रिन (रक्तवाहिन्या आवळणारं औषध) मिनिटाला 25 ते 50 मायक्रोग्रॅमने चालू करा, बीपी मूळच्या 90 टक्क्यांखाली जाऊ देऊ नका.

सदरचे_काका: बाप्पा, लिहिणाऱ्यांकडे औषध मोजून हळूहळू सोडणारे सिरिंज पंप असतात. आमच्याकडे एकच, तोही झटके टाळायला मॅग्नेशियम चालू असलेल्या पेशंटला लावलेला. आणि फिनाइलेफ्रिनच्या 1 मिलीच्या अँप्युलमध्ये 10 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिली सलाइनमध्ये घालून मिलीला 100 मायक्रोग्रॅम करायचं, रात्री तीन वाजता घाईत एक शून्य चुकलं तर निस्तरणार कोण? मी सलाइन स्पायनलबरोबरच जोरात सोडतो, उजव्या कमरेखाली चादरीची घडी, मेफेन्टरमिन भरून हाताशी. पंचवीस वर्षं झाली.

भूलवाला_नागपूर: घडी मीही ठेवतो काका, गर्भाशयाचा भार शिरेवरून हटतो. पण मूळ गोष्ट अशी की स्पायनलने रक्तवाहिन्याच सैल पडतात, त्यात नुसतं पाणी ओतून किती भागणार. शून्याची भीती असेल तर दिवसाउजेडी दोघांनी मिळून लेबल ठरवून ठेवा ना.

ओटीतली_सिस्टर: फिनाइलेफ्रिनवर नाडी 50 ला येते तेव्हा मॉनिटर केकाटतो आणि सगळे माझ्याकडे बघतात, तेही लिहा की.

भूलवाला_नागपूर: येते, खरंय. बीपी चढलेलं असेल तर आधी इन्फ्युजन (पंपाने सतत सोडलेलं औषध) कमी करायचं. एफेड्रिन, बीपी चढवणारं दुसरं औषध, नाडी सांभाळतं पण वारेतून बाळापर्यंत जास्त जातं, आणि बाळाच्या रक्तात आम्ल वाढतं.

सदरचे_काका: आणि गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीवाल्या बाया? त्यांचं स्पायनलने तुलनेनं कमी पडतं, तिथं सरसकट इन्फ्युजन लावून वर चढवशील लेका.

भूलवाला_नागपूर: तिथं हात आखडता, मान्य. मी बाकीच्यांबद्दल बोलून राहिलो.

मे_महिन्यातली_आई: मी डॉक्टर नाही, पण तुमचं वाचून आत्ता कळलं मला काय झालं होतं ते. बाळ दाखवायला आणलं तेव्हा माझं तोंड ट्रेमध्ये होतं, कानात शिट्टी वाजत होती, मुलगा की मुलगी तेही ऐकू आलं नाही. मला वाटलं मी चालले. नंतर विचारलं तर म्हणे "होतं असं".

सदरचे_काका: ताई, आम्हीही असंच म्हणतो, खोटं कशाला बोलू. भूलवाल्या, पंप केवढ्याला मिळतो रे आजकाल?