बालवाडी पहिल्या मजल्यावर, जिना एकच, पोरं २३. आग लागली तर?

पुण्यात अकरा वर्षं बालवाडी चालवते. बंगल्याचा पहिला मजला, मुलं अडीच ते पाच वर्षांची. मोठी माणसं तीन: मी, एक ताई आणि मावशी.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा सराव घेतला. घंटा वाजवली, तर निम्मी पोरं डबे उघडून बसली. आमच्याकडे घंटा म्हणजे खाऊची सुट्टी! उरलेली चपलांकडे धावली आणि बंद लावून मिळावेत म्हणून पाय पुढे करून उभी राहिली. खाली पोचायला नऊ मिनिटं. मोजली तर २२. तेविसावा वर टेबलाखाली, हाका मारल्या तरी ओ देईना.

सूचनांमध्ये 'रांगेत, शांतपणे उतरा' असतं. अडीच वर्षांच्या पोराला हे कसं सांगायचं?

निवृत्त फायरमन
ताई, टेबलाखालच्या पोराचं आधी बघा. घाबरलेलं लहान मूल दाराकडे पळेलच असं नाही, ते लपतं. पलंगाखाली, कपाटात, संडासात. म्हणून सगळ्यांत शेवटी कोण निघणार ते नक्की करा. प्रत्येक कोपरा बघायचं काम त्याच माणसाचं. चपला, दप्तरं काही घ्यायचं नाही. हजेरीची वही दाराशी खिळ्याला. घंटेऐवजी शिट्टी, आणि ती एरवी वाजवायची नाही.

जिन्याखाली काय ठेवलंय ते तुम्ही लिहिलं नाहीत. २००४ साली तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली. वर्ग वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. ९४ मुलं गेली.

प्रश्नकर्ती
जिन्याखाली सायकल आणि गॅदरिंगचा पुठ्ठ्याचा किल्ला. संध्याकाळीच काढते.

टोकियोहून एक आई
माझी लेक इथल्या पाळणाघरात जाते. सराव दर महिन्याला, तसा नियमच आहे. अगदी लहानग्यांना चाकांच्या मोठ्या पाळण्यात उभं करून ढकलत नेतात. त्यातूनच एरवी बागेतही नेतात, म्हणून रडारड नाही. तुमच्या जिन्यावर तो पाळणा चालणार नाही, पण रोजच्या खेळातलीच वस्तू वापरा. मोठ्या मुलांना 'ओ-का-शि-मो' शिकवतात, म्हणजे चार जपानी सूचनांची पहिली अक्षरं: ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. परवा मी विसरलेली छत्री घ्यायला वळले, तर लेकीनं दारातच अडवलं.

अंगणवाडी सेविका, चिपळूणजवळ
बाई, आमच्याकडे भीती पाण्याची, म्हणजे खाली नाही, वर जायचं. २०२१च्या पुरात कोरोनामुळे अंगणवाडी बंद होती, म्हणून पोरं घरीच होती. आता जुन्या सुती साडीला गाठी मारून ठेवल्यात. एका गाठीला एक पोर, पुढे मी, मागे मदतनीस. रोज तशीच आगगाडी करून हात धुवायला नेते. जिन्यावर मात्र दुसरा हात कठड्याला हवा, आणि गाठ नुसती धरायची, हाताला बांधायची नाही.

अजून एक. बातमी कळली की आया धावत येतात आणि दिसेल ते पोर उचलतात, शेजारणीचंसुद्धा. कोण कुणाला घेऊन गेलं ते वहीत लिहिल्याशिवाय सोडू नका.

प्रश्नकर्ती
आज परत केलं. शिट्टी, साडी, किल्ला अंगणात. टेबलाखालच्याला इंजिन केलं, तो आता दुसऱ्या कुणाला पुढे येऊ देत नाही. साडेतीन मिनिटं, पोरं २३. वहीवर टिक मारून वर बघितलं, तर मावशी खिडकीत. पोरांचे डबे आवरत होत्या.